राळेचं मलम

खाजेला कुणी आजार मानत नाही. ताप आला की लोक कपाळाला हात लावून बघतात, छातीत दुखलं की आवाज खाली घेतात, पाय मोडला तर प्लास्टरवर चित्रंसुद्धा काढून देतात. खाज सुटली म्हटलं की आधी हसतात आणि मग थोडे मागे सरकतात. हे मी रागाने सांगत नाहीये. म्हणजे, रागानेच सांगतेय, पण कुणावर रागवायचं ते मला आता नीट ठरवता येत नाही.

माझी खाज हातांना होती. दोन्ही. आधी बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या यायच्या, पाण्याने भरलेल्या. त्या फुटायच्या, कातडी लाल व्हायची, सोलून निघायची, भेगा पडायच्या. मग हळूहळू सुकायला लागायचं, आणि ‘सुटले बाई एकदाची’ असं म्हणेपर्यंत परत पहिल्यापासून सुरू. कधी मनगटांवर चढायचं, कधी कानामागे, कधी पापण्यांवर, कारण हात काही एका जागी बसत नाहीत, सगळीकडे फिरतात. झोपेत खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके पडायचे. हातमोजे घालून झोपले, तर झोपेतच ते काढून फेकायचे आणि सकाळी एक पलंगाखाली सापडायचा.

आणि माझं काम काय, तर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडावर फ्रेम चढवायची. नाकावर बसते का बघायचं, कानामागे बोट घालून काडी कुठे टोचते ते चाचपायचं, काडी गरम करून वाकवायची, परत घालून बघायची. हे काम मला छान जमतं. माणूस समोर बसला की त्याचा एक कान वर आणि एक खाली आहे हे मला लगेच दिसतं, त्याच्या बायकोला जन्मभर दिसलेलं नसतं. पण दिवसभर परक्या माणसांच्या चेहऱ्याला हात लावायचा आणि हात असले. एकदा एक बाई मी फ्रेम घालायला पुढे झाले तशी मान मागे घेऊन म्हणाल्या, “दुसरं कुणी नाही का?” अगदी गोड आवाजात विचारलं. मी म्हणाले, “आहे ना,” आणि मालकांना हाक मारली.

मालक स्वभावाने वाईट नाहीत, भित्रे आहेत. संध्याकाळी शटर ओढताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “थोडे दिवस आत बसा तुम्ही. काचा घासायचं बघा. हात बरे झाले की परत पुढे.” आत म्हणजे मागची खोली. खिडकी नाही, यंत्राची घरघर, काचेवर सतत पाण्याची धार आणि राखाडी चिखल. ज्याचे हात सोलवटलेत त्याला दिवसभर पाण्यात ठेवायचा हा शहाणपणा मालकांनाच सुचू शकतो. मी मूग गिळून आत गेले.

डॉक्टर तर इतके झाले की मला प्रश्नपत्रिका पाठ झाली होती. भांडी कोण घासतं? साबण कुठला? घरात कुत्रं-मांजर? खाण्यात काही नवीन? आणि शेवटी, हाताला काय लावता? मी सांगायचे, तुमच्या आधीच्यांनी दिलेलं क्रीम. मग ते आधीच्यांचं क्रीम पाहून नाक मुरडायचे आणि आपलं लिहून द्यायचे. मी साबण बदलला. बांगड्या काढल्या. दुकानातला स्क्रू-ड्रायव्हर कापड गुंडाळून वापरला. अंडी सोडली, शेंगदाणे सोडले, वांगी सोडली. काडीचा फरक पडला नाही. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी, जे सगळ्यात जुने आणि सगळ्यात कंटाळलेले, चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, “घरी काही ताण?”

“घरी मी आणि आई,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले. तो हुंकार मी घरी घेऊन आले.

आईबद्दल सांगते. घर तिचं. बिस्किटांच्या कारखान्यात उभं राहून पाकिटं भरता भरता तिने ते घेतलं. दोन खोल्या, तळमजला, मागे कपडे वाळत घालायला पट्टीएवढी जागा. माझं लग्न मोडल्यावर मी तिच्याकडे राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली. आई प्रेमळ आहे. इतकी की दाराशी चप्पल काढायच्या आत तिचे प्रश्न सुरू होतात. उशीर का झाला, डबा संपवला का, कोण भेटलं, ते काय म्हणालं, मग तू काय म्हणालीस. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि तरी मी एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायचे, कारण न द्यावं तर ती गप्प बसून भाजी चिरत राहायची, आणि ते जास्त वाईट.

आणि ती मलम करायची. राळेचं. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला डिंक, पिवळट, काचेसारखा. ती वरवंट्याखाली फोडायची, तेलात नि मेणात मंद आचेवर विरघळवायची, जुन्या मलमलीतून गाळायची आणि कोल्ड क्रीमच्या रिकाम्या बरण्यांत ओतून ठेवायची. घरभर नुकत्याच रंधा मारलेल्या लाकडासारखा वास सुटायचा. भाजलं, कापलं, गळू झालं, टाच फुटली, सगळ्याला हेच. इमारतीतली पोरं तिला मलमआजी म्हणायची आणि ढोपर फुटलं की स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्याकडे यायची. त्यांची ढोपरं बरी व्हायची, हेही खरं.

रोज जेवणं झाली की आई हात पुसून माझ्यासमोर बसायची. “आण इकडे.” मी हात पुढे करायचे. ती एकेक बोट धरून, बेचक्यांत शिरून, मनगटापर्यंत मलम चोळायची. चोळताना बोलायची नाही. दिवसातली तेवढीच वेळ ती गप्प असायची आणि मला ती आवडायची. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मात्र सांगायची, “हात स्वच्छ धुऊन जा हो, त्यांना घरचं केलेलं आवडत नाही, उगाच बोलतात.” मी धुऊन जायचे. आता कुणाला वाटेल, आम्ही मुद्दाम लपवत होतो. तसं नव्हतं. मलम आमच्या घरात औषध नव्हतंच. ते घरात मीठ असावं तसं होतं. ‘काय लावता’ असं कुणी विचारलं की ते माझ्या तोंडी यायचंच नाही.

मग वहिनीचा पाय मोडला. दादा, माझा मोठा भाऊ, दुसऱ्या गावात राहतो, नोकरी मोठी, फ्लॅट उंचावर, मुलं शाळेतली. आई दुसऱ्याच दिवशी निघाली. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या मलमाच्या बरण्या पिशवीत भरल्या. “तिच्या पायाला लागतील. तुला आल्यावर नवं करून देते.” वहिनीचा पाय प्लास्टरमध्ये होता, मलम लावणार कुठे, पण आईला हे विचारण्यात अर्थ नव्हता.

पहिले काही दिवस मला करमलं नाही. मग करमायला लागलं. मी घरी येऊन कुलूप उघडायचे आणि कुणी काही विचारायचं नाही. रेडिओ हवा तेवढा मोठा लावायचे. स्वयंपाकघरात उभ्यानेच पातेल्यातून भात खायचे. सुट्टीच्या दिवशी उन्हं डोक्यावर येईपर्यंत लोळायचे. आणि एक दिवस दुकानात काच पुसताना लक्षात आलं की सकाळपासून मी एकदाही खाजवलेलं नाही. हात दिव्याखाली धरून पाहिले. नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ, पण अखंड. पुढच्या आठवड्यात मालकांनी माझे हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, “या पुढे.” मी पुढे आले, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट घालताना मला रडू आलं. त्या म्हाताऱ्याला वाटलं, फ्रेम फारच वाईट दिसतेय.

फॅमिली डॉक्टरांचा तो हुंकार मला आठवला. घरी मी आणि आई. आई गेली आणि खाज गेली. खाज गेली म्हणून बरं वाटतंय की आई गेली म्हणून, हे वेगळं करून बघायची मला हिंमत नव्हती.

त्याच सुमारास दादाचा फोन आला. “रविवारी आईला आणून सोडतो. हिचा पाय छान झाला, चालते आता.”

मी ‘बरं’ म्हणायला हवं होतं. एवढाच शब्द. मी म्हणाले, “दादा, माझे हात बरे झालेत.”

“अरे वा. नवीन औषध मिळालं?”

“नाही. औषध नाहीच. आई गेल्यापासून बरे झालेत.”

दादा सावकाश विचार करणारा माणूस आहे, पण शेवटी पोचतो. “म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. डॉक्टर म्हणाले होते ना, ताण असेल. मी आपलं तुला सांगितलं.”

“हं.” त्यानेही तोच हुंकार दिला. “मग अजून थोडे दिवस राहू दे का तिला इथे?”

“तुम्हाला जमणार असेल तर.”

“जमेल की. तुझं नाव नाही घेत मी. मुलांचं काहीतरी सांगतो.”

“बरं,” मी म्हणाले. तो शब्द तेव्हा निघाला.

एवढंच झालं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वाईट शब्द बोललं नाही, आणि एका बाईला तिच्या स्वतःच्या घरातून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. “अगं, मी राहतेय हो इथे. मुलांना बघायला कुणी हवं. आणि इथे लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, मला बरं पडतं.” आमचं घर तळमजल्यावर होतं, लिफ्टचा प्रश्नच नव्हता. तिच्या आवाजात उत्साह होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि पहिला प्रश्न एकच. “हात कसे आहेत?”

आता काय सांगणार? बरे झाले म्हणावं, तर ती हिशेब करणार. आई शिकलेली नसली तरी हिशेबात कच्ची नाही. म्हणून मी म्हणायचे, “आहेत तसेच. थोडं कमी-जास्त.” वर एक उसासाही टाकायचे. आणि हे बोलताना माझे धडधाकट हात मांडीवर असायचे, नखांना मी रंगसुद्धा लावला होता. मला लाज वाटायची. पण खोटं एकदा नीट बसलं की दुसऱ्या दिवशी ते फक्त परत उचलून ठेवायचं असतं, फार कष्ट पडत नाहीत.

मग एक दिवस दादाच्या ऑफिसातला कुणी कामासाठी इकडे आला आणि दुकानात एक पिशवी ठेवून गेला. पिशवीत कापडात गुंडाळलेली बरणी. झाकण उघडायच्या आधीच वास आला. रात्री आई म्हणाली, “मिळालं का? राळ शोधायला फार फिरले गं, इकडे कुणाला माहीतच नाही. आणि हिला वास चालत नाही, म्हणून ती बाहेर गेल्यावर केलं. रोज लाव. नीट बेचक्यांत लाव, मी लावायचे तसं. मी नाही म्हणून तुझे हात असे राहिलेत.”

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि बरणीसमोर बसून राहिले. काय करणार होते मी? फेकणं शक्य नव्हतं. ठेवून देणंही जिवावर आलं. मी ते लावलं. बोट, बेचकं, मनगट, तिच्यासारखंच. स्वतःचे हात स्वतः चोळताना फार एकटं वाटलं. आपण केल्याची तेवढी तरी भरपाई, असं काहीतरी मनात होतं. दुसऱ्या दिवशीही लावलं, तिसऱ्याही.

आठवडा सरायच्या आत हात पेटले. पूर्वी कधी आलं नव्हतं इतकं आलं. पापण्या सुजून डोळे बारीक झाले, मनगटांतून पाणी वाहायला लागलं. मालकांनी मला बघितलं आणि ‘आत बसा’ असंही म्हटलं नाही. त्यांच्या मेहुण्याच्या ओळखीची एक त्वचेची डॉक्टर होती, तिला स्वतः फोन लावून दिला.

ही डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. प्रश्नपत्रिका तीच. मी घडाघडा उत्तरं दिली. “हाताला काय लावता?”

“आधीच्यांनी दिलेलं क्रीम.”

“आणि?”

“काही नाही.”

तिने माझा हात धरला, जवळ नेला आणि चक्क वास घेतला. “हा वास कसला आहे?”

“कसला?”

“वार्निशसारखा. लाकडासारखा.”

“ते होय, ते मलम आहे. आई करते.”

“मग काही नाही का म्हणालात?”

मी हात मागे घेतला. ती रागावली नाही, तिने फक्त पेन खाली ठेवलं. “मलम आजपासून बंद. आधी हे शांत होऊ दे. मग येताना बरणी घेऊन या, आणि त्यात काय काय घालतात ते विचारून या.” विचारायची गरज नव्हती. वरवंट्याच्या आवाजासकट मला सगळं पाठ होतं.

हात थोडे निवल्यावर तिने माझ्या पाठीवर ओळीने छोटे छोटे चौकोन चिकटवले, प्रत्येकाखाली कशाचा तरी ठिपका. साबणातलं काही, धातूतलं काही, एकात आईचं मलम, एकात नुसती राळ. पाठीला पाणी लावायचं नाही, घाम आणायचा नाही, खाजवायचं तर मुळीच नाही. पाठीवर, हात पोचणार नाही अशा जागी, दोन ठिकाणी अशी काही खाज सुटली की दाराच्या चौकटीला पाठ घासावीशी वाटे. घासली नाही. मनातून मी प्रार्थना करत होते, आणि काय मागत होते ते सांगायला हवं. ते मलम नसू दे, असं मागत होते. मलम निघालं असतं तर आई ताणाच्या आरोपातून सुटली असती, आणि मग तिला तिथे ठेवायला माझ्याकडे काही कारण उरलं नसतं.

डॉक्टरने चौकोन काढले, आणखी दोन दिवसांनी परत बघितलं, आणि फोनवर फोटो काढून मला दाखवला. सगळी पाठ कोरी, दोनच ठिकाणी लालभडक उंचवटे. मलम आणि राळ.

“इतकी वर्षं कुणी विचारलं नाही तुम्हाला, काय लावता म्हणून?” ती म्हणाली.

“सगळ्यांनी विचारलं,” मी म्हणाले.

राळ कशाकशात असते ते तिने समजावून सांगितलं. वार्निशात, काही चिकटपट्ट्यांत, काही सौंदर्यप्रसाधनांत. आयुष्यभर टाळायची. टाळली तर पुन्हा त्रास व्हायचं कारण नाही. इतकी वर्षं ज्याने माझ्या नाकी नऊ आणले, त्याचा निकाल एवढ्यात लागला. मी जिन्यावर येऊन कठडा धरून उभी राहिले. सुटल्याचा आनंद होत होता, खोटं कशाला बोलू. पण तो धड होत नव्हता. सारखी डोळ्यांपुढे आई येत होती, वरवंट्याखाली राळ फोडणारी.

तरी मी लगेच तिला सांगितलं नाही. मुलांच्या परीक्षा होऊ देत, असं म्हणाले. मग म्हणाले, फोनवर कशाला, समोर सांगू. मग दुकानात गर्दीचे दिवस होते. हात बरे झाले, मी परत पुढे बसायला लागले, आणि संध्याकाळी फोनवर ‘आहेत तसेच’ म्हणत राहिले. मन खात होतं. तरी घरी आल्यावर रेडिओ मोठा लावायचे.

एके दिवशी आई म्हणाली, “ते मलम संपत आलं असेल. अजून करते. इथली राळ जुनी होती बहुतेक, म्हणून गुण येत नाही. परवा ही दिवसभर बाहेर आहे, तेव्हा करून ठेवते. खिडक्या उघड्या ठेवल्या की वास जातो.”

तेव्हा मात्र मला ऐकवेना. चोरून, खिडक्या उघडून, माझ्यासाठी. मी म्हणाले, “करू नकोस. मी येतेय.”

दादाच्या घरी मी दुपारी पोचले. वहिनीने दार उघडलं. ती चांगली आहे, कुणी तिला नावं ठेवू नयेत. आई बैठकीच्या खोलीत दिवाणावर बसून मुलांचे कपडे घड्या करत होती. तो दिवाण हाच तिचा पलंग होता. पायाशी तिची बॅग होती आणि तिचे कपडे अजून बॅगेतच होते, नीट घडी घालून. दादाचा मुलगा आला तशी ती न सांगता दिवाणाच्या कडेला सरकली, कारण तिथून त्याला टीव्ही दिसायचा. मग वहिनीला म्हणाली, “हिच्यासाठी चहा टाकू का?”

“विचारताय काय आई, टाका की,” वहिनी म्हणाली. ती खरंच मनापासून म्हणाली. पण आईने विचारलं होतं. माझ्या आयुष्यात मी तिला कुणाला चहाचं विचारताना बघितलं नव्हतं.

चहा झाल्यावर वहिनी मुलांना घेऊन खाली गेली. मी आईसमोर बसले आणि हात पुढे केले. तिने चष्मा सारखा केला, हात उलटे केले, सुलटे केले, बेचकी फाकवून पाहिली.

“बरे झालेत,” ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला. “गुण आला म्हणजे.”

“नाही, आई.” मग मी सांगितलं. चौकोन, पाठ, राळ. शक्य तितकं सोपं करून, शक्य तितकं हळू. मध्येच म्हणाले, “यात तुझा काही दोष नाही. दुसऱ्यांना चालतं. मलाच चालत नाही.”

तिने माझे हात सोडले नव्हते. ते सांगून झाल्यावर तिने ते सोडले, हळूच, माझ्या मांडीवर ठेवल्यासारखे. आणि स्वतःचे तळवे गाऊनला पुसले.

“रोज लावत होते मी,” ती म्हणाली. “जास्त झालं की जास्त लावत होते.”

“तुला काय माहीत.”

“बरं.” तिने घड्या केलेले कपडे एकावर एक सारखे केले. “तुझा दादा म्हणाला होता, मुलांना बघायला थांब म्हणून. मुलं संध्याकाळी क्लासला जातात, दुपारी शाळेत असतात. त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.”

मी चहाचे कप एकात एक ठेवले.

“डॉक्टरांनी ताणाचं विचारलं होतं ना. मला वाटलं, मी जवळ नसले की बरे होतील तुझे हात. म्हणून राहिले. पण तू रोज म्हणायचीस, आहेत तसेच.” ती माझ्याकडे बघून बोलत नव्हती. “मग मला वाटायचं, मी लांब राहूनही काही उपयोग नाही. मग मी इथे कशाला आहे? एवढं तरी कळलं असतं की बरे झालेत, तर जरा बरं वाटलं असतं.”

“बरे झाले होते,” मी म्हणाले. “मध्ये. तू इकडे आल्यावर लगेच. मी तुला सांगितलं नाही.”

तिने मान हलवली. ती रागावली असती तर मी काहीतरी बोलले असते, सारवासारव केली असती, भांडलेही असते. ती रागावली नाही. एक छोटा शर्ट तिने उलगडला आणि परत घडी घातली. मग विचारलं, “मग आता मी घरी आले तर चालेल का?”

मी ताबडतोब हो म्हणायला हवं होतं. घर तिचं होतं. विचारायची गरज तिला नव्हती, मला होती. पण त्या क्षणी मला आमच्या दाराचं कुलूप आठवलं, आणि ते उघडून आत गेल्यावर कुणी काही विचारत नाही ती संध्याकाळ. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ असेल.

“चालेल काय, अगं,” मी म्हणाले. “तुझंच घर आहे.”

आई माझ्याकडेच बघत होती. समोरचा माणूस कुठे अडतो हे मला दिसतं, ते मी कुणाकडून घेतलं हे तेव्हा कळलं.

“बरं,” ती म्हणाली आणि वाकून बॅग पुढे ओढली. “सगळं सामान नाही आणत मग. लागेल तेवढंच घेते. बाकीचं इथेच राहू दे.”